भरून घेतलेला आवाज

माझ्या मामांचा नाशिकरोडला मंडप आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. त्यांच्या पश्चात घर रिकामे करताना माळ्यावर एक जुने मशीन सापडले. या धंद्यात ॲम्प्लिफायरला ‘मशीन’च म्हणतात. पत्र्याचा करडा डबा, वर जाळी, जाळीआड काचेचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मागे दोन काळे ठोकळे. दोघांनी उचलूनही डबा जड लागला, आणि त्या वजनाचा मोठा वाटा त्या दोन ठोकळ्यांचा होता. दर्शनी पट्टीवर कंपनीचे नाव असते तिथे फक्त दोन स्क्रूंची भोके उरली होती.

एक ठोकळा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर. तो शाबूत होता. दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मीटर लावल्यावर त्याच्या प्रायमरीचा एक अर्धा भाग तुटलेला निघाला. व्हॉल्व्ह अजून मिळतात, कंडेन्सर नवे घालता येतात. आउटपुट गेला की मशीन मुके होते.

मला तीन सल्ले मिळाले. पुण्यात गिटार वाजवणारा पुतण्या म्हणाला, “काका, हा काढून टाका. मी बाहेरून नवा मागवतो, मार्शलच्या मापाचा. याचा मस्त गिटार ॲम्प होईल.” जुन्या रेडिओंचा संग्रह करणारे एक स्नेही म्हणाले, “हात लावू नका. जळलेला असला तरी मूळ आहे.” तिसरा सल्ला शेतीपंपांच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराचा. त्यांनी ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “भरून देतो सर. पण आधी कोणी भरलाय, ते उघडून बघावं लागेल.”

‘आधी कोणी भरलाय’ हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपण जुन्या यंत्राचा इतिहास त्याच्या पाटीवरून, कारखान्याच्या नावावरून आणि सालावरून लिहितो. पण व्हॉल्व्हच्या मशीनचा आवाज ज्या भागातून बाहेर पडतो, तोच भाग सगळ्यांत जास्त वेळा जळतो आणि बदलला जातो. मग त्या यंत्राचे ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न संग्राहकांच्या हौसेपुरता राहत नाही. एखादे मशीन मुके ठेवायचे की बोलते करायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

आधी तो ठोकळा काय करतो ते पाहू. व्हॉल्व्हमधून वाहणारी वीज मोठ्या दाबाची पण थोड्या प्रवाहाची असते. चारशे-साडेचारशे व्होल्ट आणि काही दशांश ॲम्पिअर. लाउडस्पीकरच्या कॉइलला नेमके उलटे हवे असते, कमी दाब आणि जास्त प्रवाह. या दोघांची सांगड घालणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन गुंडाळणी असतात. त्यांचा एकमेकींना स्पर्श होत नाही, देवाणघेवाण चुंबकत्वातून होते. हिशेब सोपा आहे. व्हॉल्व्हच्या जोडीला ३२०० ओहमचा भार हवा आणि कर्णा ८ ओहमचा असेल, तर दोहोंचे गुणोत्तर ४००. त्याचे वर्गमूळ २०. म्हणजे प्रायमरीला सेकंडरीच्या वीसपट वेढे.

हिशेब सोपा, पण बांधणी अवघड. प्रायमरी आणि सेकंडरी नुसती एकीवर एक गुंडाळली तर वरच्या पट्टीतला आवाज मधल्या मध्ये गळतो. म्हणून दोन्हींचे थर आळीपाळीने घालावे लागतात, सँडविचसारखे. गाभा लहान पडला तर खालचे स्वर गुदमरतात. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणाऱ्या रचनेत प्रायमरीचे दोन्ही अर्धे सारखे नसले, तर गाभ्यात एकाच दिशेचे चुंबकत्व साचते आणि आवाज फाटतो. विजेच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला एकच कंपनसंख्या सांभाळायची असते, ५० हर्ट्झ. याला शंभरापासून हजारांपर्यंतच्या सगळ्या सांभाळायच्या असतात. म्हणून दोन मशिनांची जोडणी तंतोतंत सारखी असली, तरी आउटपुट वेगळा असेल तर आवाज वेगळा येतो.

आता नाशिककडे वळू. नाशिकरोडला ज्ञानबाग नावाचे आवार आहे, तिथे मोटवाने यांचा कारखाना. या घराण्याची गोष्ट १९०९ साली सिंधमधल्या सक्कर येथे सुरू होते. ग्यानचंद मोटवाने यांनी तिथे विजेच्या सामानाची पेढी काढली. ती पुढे कराचीला आणि १९१९ साली मुंबईला आली. तिचेच पुढचे नाव शिकागो टेलिफोन अँड रेडिओ कंपनी, आणि लोकांच्या तोंडी ‘शिकागो रेडिओ’. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या राजकीय सभांची छायाचित्रे नीट पाहा. वक्त्यासमोरच्या मायक्रोफोनवर हे नाव वारंवार दिसते. पुष्कळांना ती अमेरिकन कंपनी वाटते. एका सिंधी घराण्याने मुंबईत वाढवलेली ही कंपनी होती.

ग्यानचंद यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी ध्वनिवर्धकाचा राष्ट्रीय सभेशी संबंध जोडला. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये त्यांची यंत्रणा होती, आणि पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांचे हे काम जणू त्यांच्याकडेच लागले. त्याआधी मोठ्या सभेत मागच्या रांगांना वक्ता दिसे पण ऐकू येत नसे. पुढच्यांनी ऐकलेले मागच्यांना सांगायचे, त्यांनी आणखी मागे. कर्णा आला आणि मागच्या माणसाला वक्त्याचा खरा आवाज, त्यातला खोकला आणि थांबणेसुद्धा, पहिल्यांदा ऐकू आला. नाशिकला सप्टेंबर १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले, तोवर कर्ण्याशिवाय सभा ही कल्पनाच उरली नव्हती.

या धंद्यात जोखीमही होती. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त प्रक्षेपण केंद्र चालवले. ते नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती लागले. पुढच्या खटल्यातल्या आरोपींमध्ये नानिक मोटवानेही होते. उपकरणे पुरवल्याचा आरोप होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले. प्रक्षेपक काय आणि ध्वनिवर्धक काय, आत व्हॉल्व्ह, कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर यांचेच कुटुंब असते. ज्या दुकानात कर्ण्याचे सामान मिळे, तिथे बंडाचेही सामान मिळू शके, हे सरकारने ओळखले होते.

मैदानी सभेच्या मशीनचा आउटपुट घरच्या रेडिओपेक्षा वेगळा का असतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कर्णे मैदानाच्या कडेला, मशीन मंचामागे, मध्ये लांबलचक तार. समजा जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून ४ ओहम रोध आहे आणि शेवटी ८ ओहमचा एक कर्णा. तर शक्तीचा तिसरा हिस्सा तार तापवण्यातच जातो. म्हणून आउटपुटला १०० व्होल्टची वेगळी सेकंडरी देतात. ५० वॅटला त्या दाबावर फक्त अर्धा ॲम्पिअर वाहतो आणि भार दिसतो २०० ओहमचा. मग तीच ४ ओहमची तार शंभरात जेमतेम दोन भाग खाते. कर्ण्याच्या टोकाला एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून दाब पुन्हा उतरवायचा. वीजमंडळ लांबच्या गावाला वीज उच्च दाबाने नेते, तीच युक्ती. मशीनच्या मागे टर्मिनलची जी लांब पट्टी असते, ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे लिहिलेली, ती या एका ठोकळ्यातून निघालेल्या तारांची.

याच पट्टीवर मशिने मरतात.

व्हॉल्व्हचे मशीन चालू असताना कर्ण्याची तार सुटली, तर आउटपुटमधल्या शक्तीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती प्रायमरीतच उसळी घेते. पुरवठा साडेचारशे व्होल्टचा असला तरी ती उसळी हजार-दीड हजारांच्या पलीकडे जाते. दोन थरांमधला कागद फुटतो, आत ठिणगी पडते, एक वेढा जळतो, आणि सगळे थांबते. ट्रान्झिस्टरच्या मशीनचे उलट. त्याला तार सुटली तर फार बिघडत नाही, तारा एकमेकींना चिकटल्या तर ते जाते. त्यामुळे व्हॉल्व्हवर शिकलेला माणूस आणि ट्रान्झिस्टरवर शिकलेला माणूस वेगवेगळ्या गोष्टींना भितात. मामा शेवटपर्यंत आधी कर्णा जोडत आणि मग स्विच लावत, नव्या मशीनलासुद्धा. आम्हाला ते सोवळे वाटायचे.

तार सुटण्याचा हंगाम म्हणजे गणेशोत्सव. भाद्रपदातला पाऊस, हलणारी गाडी, बांबूला बांधलेला कर्णा, झाडाच्या फांदीत अडकणारी तार आणि नाचणारी पोरे. दमट हवेचा वेगळा त्रास: वर्षभर माळ्यावर पडलेल्या गुंडाळीत ओल शिरते, तांब्याच्या बारीक तारेवर हिरवा डाग धरतो, आणि मशीन पहिल्याच संध्याकाळी दगा देते. विसर्जन तर पुढे ढकलता येत नाही. नवा आउटपुट त्याच मापाचा मिळवायचा तर मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठायचा, आणि तिथेही तो असेलच असे नाही. मग गावातच ‘भरून’ घ्यायचा.

‘मोटार भरणे’ हा शब्द शहरातल्या काही वाचकांना नवा असेल. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळणे म्हणजे भरणे. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांदा विहिरीच्या पाण्यावर उभा आहे आणि विहिरीवर पंप आहे; विजेचा दाब कमीजास्त झाला की मोटार जळते. त्यामुळे पिंपळगाव, लासलगाव, निफाड, सिन्नर, कुठेही जा, बाजारपेठेत रिवाइंडिंगचे दुकान दिसणारच. इलेक्ट्रॉनिक्सची कसलीही पदवी नसलेल्या या लोकांच्या बोटांत तारेचे ज्ञान असते. लाउडस्पीकरवाल्यांचे आउटपुट याच दुकानांत जात. मोटार भरणारा प्रत्येक जण आउटपुट भरू शकतो असे मात्र नाही. मोटारीची तार जाड असते. आउटपुटच्या प्रायमरीची चौतीस गेजची तार मिलिमीटरच्या पाव भागाहूनही बारीक. ती हजारावर वेळा एकसारख्या ओढीने गुंडाळायची, प्रत्येक थरावर कागद घालायचा आणि मोजणी एकदाही चुकू द्यायची नाही. बोलताना मोजणी चुकते म्हणून हे काम पुष्कळदा रात्री होई.

पद्धत अशी. आधी ई आणि आय आकाराचे पत्रे एकेक करून सोडवायचे. ते वार्निशने एकमेकांना चिकटलेले असतात. जोर केला तर वाकतात, आणि वाकलेला पत्रा पुन्हा नीट बसत नाही. मग जुनी तार उलट्या दिशेने सोडत वेढे मोजायचे, कुठल्या थरावर कुठला फाटा निघाला ते लिहायचे, मायक्रोमीटरने जाडी घ्यायची. जळलेल्या जागी तार तुकड्यातुकड्यांनी निघते आणि मोजणी अंदाजाने पुरी करावी लागते. नवी तार, नवा कागद, पुन्हा सगळे उलट क्रमाने. शेवटी वार्निशमध्ये बुडवायचे आणि वाळवायचे. भट्टी नसेल तर मोठ्या दिव्याखाली दोन दिवस.

अशा दुरुस्तीत आवाज बदलतो का? बदलतो. थरांची आळीपाळी साधी केली, तर वरचा आवाज किंचित बुजरा होतो. नव्या तारेचे इनॅमल जाड असेल, तर खिडकीत पूर्वीइतके वेढे मावत नाहीत आणि खालचे स्वर थोडे उणे पडतात. सभेतल्या भाषणाला याने काही फरक पडत नाही. संगीताला पडतो. आणि महाराष्ट्रात या मशिनांवर भाषणांइतकेच संगीत झाले आहे.

इथे गिटारच्या चाहत्यांनी जरा लक्ष द्यावे. पाश्चात्त्य देशांत तार, तिच्याखाली चुंबक व कॉइल, मग व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, अशी जी साखळी इलेक्ट्रिक गिटारने लोकप्रिय केली, ती आपल्या गल्लीबोळात बँजोने आणली. आपण ज्याला बँजो म्हणतो तो अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुलतरंग, टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली बनवलेला. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, पिकअपची तार सभेच्या मशीनला जोडली गेली, आणि कोकणात, मुंबईत, मग घाटावर बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. मशीन भाषणासाठी बांधलेले, कर्णा भाषणासाठी बांधलेला. त्यावर मिरवणुकीत आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवून गाण्याची चाल वाजवायची. व्हॉल्व्ह ताकदीबाहेर ढकलले जात, आउटपुटचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरे, आणि तो कर्कश, लांबत जाणारा, अंगात येणारा सूर निघे. परदेशी गिटारवादक ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणून मान देतात, त्याचेच हे भावंड. आपण त्याला गोंगाट म्हणून सोडून दिले. मराठी संगीताच्या इतिहासात पेटीच्या स्वरांची रचना आणि तंबोऱ्याची जवारी यांवर उत्तम लेखन आहे. बँजो पार्टीच्या मशीनवर दोन ओळी शोधायलाही कष्ट पडतात. गणपतीतल्या गोंगाटाचा मी कैवारी नाही, रात्री दहानंतर तर मुळीच नाही. पण जो आवाज दोन-तीन पिढ्यांनी ऐकला त्याची नोंद तरी हवी.

पुतण्याने नाव घेतलेल्या मार्शलची कथा याच ठिकाणी उपयोगी पडते. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीचा बासमन नावाचा ॲम्प्लिफायर होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो चार स्पीकरसह येई आणि त्याचा आउटपुट २ ओहमच्या भाराला बांधलेला असे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन ॲम्प महाग पडे, म्हणून १९६२ साली त्यांच्या माणसांनी बासमनची जोडणी समोर ठेवून आपला ॲम्प बनवला. जोडणी उतरवता आली, पण ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतला कुठून आणणार? लंडनमध्ये रेडिओस्पेअर्स या पुरवठादाराकडे तयार मिळणारा आउटपुट त्यांनी घातला. स्पीकरची मांडणीही बदलली. बासमनमध्ये आउटपुटच्या २ ओहमच्या टोकावरून थोडा आवाज परत मागे पाठवला जाई, विकृती कमी करण्यासाठी. मार्शलने तोच रेझिस्टर ठेवून ती तार १६ ओहमच्या टोकाला जोडली. त्या टोकाचा दाब २ ओहमच्या टोकापेक्षा पावणेतीनपटीहून थोडा जास्त असतो, म्हणून मागे जाणारा अंशही तितकाच वाढला. ॲम्पचा स्वभावच पालटला. पुढे मार्शलने ड्रेक आणि डॅग्नॉल या कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर वापरले, व्हॉल्व्हही बदलले, आणि प्रत्येक बदलाचे आज स्वतंत्र भक्त आहेत.

म्हणजे ज्या आवाजाला आज जगभर ‘मूळ’ मानून त्याच्या मापाचे ट्रान्सफॉर्मर विकले जातात, तो स्वतःच हाताशी मिळेल तो आउटपुट घातल्याने जन्मला. लंडनच्या दुकानदाराने जे एकदा केले, ते आमच्याकडचे लाउडस्पीकरवाले दर भाद्रपदात करत होते. फरक इतकाच, की हॅनवेलच्या दुकानातला प्रत्येक बदल पुढे कोणीतरी पुस्तकात नोंदवला.

एकाच काळात ट्रान्सफॉर्मरकडे किती वेगळ्या नजरांनी पाहिले जात होते, त्याचेही एक उदाहरण देतो. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी घरगुती संगीतासाठी एका ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. तिचा जीव आउटपुटमध्ये होता, आणि गुंडाळीचा तपशील लेखातच दिला होता, म्हणजे वाचकाने स्वतः गुंडाळावा किंवा कारागिराकडून गुंडाळून घ्यावा. तिथे ध्येय असे, की ट्रान्सफॉर्मर आहे हे कानाला कळूच नये. गिटारवाल्याला तो कळायला हवा असतो. आमच्या सभेच्या मशीनला यातले काहीच नको होते. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला की झाले. एकाच ठोकळ्याकडून तीन वेगळ्या अपेक्षा. ‘चांगला आउटपुट कोणता’ या प्रश्नाला एक उत्तर नाही ते यामुळे.

आता पत्र्यांविषयी, कारण या कथेत नाशिक दुसऱ्यांदा येते ते तिथे. ट्रान्सफॉर्मरचा गाभा साध्या लोखंडाचा केला तर फार तापतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या प्रयोगांतून लोखंडात सिलिकॉन मिसळण्याची रीत आली. १९३४ साली अमेरिकेत नॉर्मन गॉस यांना पुढच्या पायरीचे पेटंट मिळाले: पत्रा अशा रीतीने लाटायचा आणि तापवायचा की त्यातले सगळे कण एका दिशेला तोंड करून बसतील. याला सीआरजीओ म्हणतात. यात चुंबकत्व अधिक मावते आणि कमी वाया जाते. जुन्या सभेच्या मशिनांत साधे, गरम लाटलेले सिलिकॉनचे पत्रे असत. ते भरू लागले की हळूहळू भरतात. दिशा लावलेला पत्रा पुष्कळ वेळ ताठ राहतो आणि मग एकदम नमतो. कानाला हा फरक खालच्या स्वरांत, आणि तोही मशीन ताणून वाजवल्यावर जाणवतो.

हा पत्रा बनवणे इतके अवघड आहे की भारतासारख्या देशाला तो वर्षानुवर्षे मुख्यतः आयात करावा लागला. देशात तो बनवणारा एकच कारखाना, आणि तो नाशिकपासून इगतपुरीकडे जाणाऱ्या महामार्गावर, वाडीवऱ्हे-गोंदे परिसरात. आधी तो रेमंड समूहाच्या पोलाद विभागाचा होता, मग जर्मनीच्या थायसेनक्रुपच्या कुळात गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू व जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने तो विकत घेतला. त्या रस्त्याने मुंबईला मी शेकडो वेळा गेलो असेन. आतला पत्रा माझ्या माळ्यावरच्या ठोकळ्याचा दूरचा नातलग आहे हे कळायला मशीन जळावे लागले. तिकडे ज्ञानबागेतल्या मोटवाने कंपनीची ओळखही आता विजेची मोजमाप आणि चाचणी उपकरणे बनवणारी अशी झाली आहे. एके काळी ज्यांच्या मशिनांत ट्रान्सफॉर्मर बोलत होते, ते आज ट्रान्सफॉर्मरची तब्येत तपासतात.

व्हॉल्व्हची मशिने गेली कशी, हे लवकर सांगण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. ते हलके, लवकर न तापणारे आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह एके काळी प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे खोक्याने असत. ते हळूहळू दिसेनासे झाले. जुनी मशिने भंगारात गेली ती आतल्या तांब्याच्या भावाने. म्हणजे आवाज देणारा भाग आधी वितळला, आणि पाटी कुठेतरी उरली. संग्राहकांकडे पाट्या जास्त आणि बोलती मशिने कमी, त्यामागे हेही एक कारण असावे.

माझ्या ठोकळ्याकडे येतो. कारागिरांनी पत्रे सोडवायला दोन दिवस घेतले. मी समोर बसलो होतो. पहिली गोष्ट, पत्रे दोन प्रकारचे निघाले. बहुतेक जाड आणि मळकट, पण एका बाजूचे दहा-बारा पातळ. कधीतरी वाकलेले पत्रे टाकून दुसऱ्या ठोकळ्यातले घातले असणार. दुसरी गोष्ट, ज्या पुठ्ठ्याच्या फॉर्म्यावर तार गुंडाळतात, त्याच्या कडेवर आतून पेन्सिलीने १४०० लिहिलेले होते. ते खोडून, दुसऱ्या हस्ताक्षरात, १३४०. सुटलेली तार मोजत गेलो तर जळक्या जागेपर्यंतचा हिशेब १३४० शी जुळत होता. कारागीर म्हणाले, “बघा सर. हे निदान एकदा भरलेलं आहे. पहिल्या माणसाचे साठ वेढे दुसऱ्याला बसवता आले नाहीत. तार जाड मिळाली असेल त्याला.”

संग्राहक स्नेह्यांचा ‘मूळ’ आउटपुट मूळ नव्हताच. पुतण्याच्या सल्ल्यातही मला अडचण दिसली. बाहेरून आणलेला गिटारचा आउटपुट घातला, तर त्याला १०० व्होल्टची टोके नसणार, मागची पट्टी निरुपयोगी होणार, आणि हा डबा कधी मैदानावर होता याची एकुलती खूण जाणार. गिटार ॲम्प हवा असेल तर नवा बांधावा; जुने सभेचे मशीन त्यासाठी उकलू नये, असे माझे मत झाले. ते पुतण्याला पटले नाही. त्याचे म्हणणे, वापरात नसलेली वस्तू जपायची तरी कशासाठी? प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच मी मशीन मुके ठेवण्याच्या बाजूनेही गेलो नाही आणि भरून घेतले. पत्रे तेच, दोन्ही प्रकारचे. फॉर्मा तोच. थरांची रचना उघडताना दिसली तशीच. फक्त योग्य गेजची तार मिळाल्याने वेढे पुन्हा १४००. काढलेली जुनी तार, जळका तुकडा आणि कागद एका डब्यात ठेवले आहेत. संग्रहालयांनी अशा यंत्रांसोबत दुरुस्तीची नोंदही मांडावी, असे मी त्या स्नेह्यांना सुचवले; त्यांनी मान डोलावली, होकार दिला नाही.

फॉर्म्याच्या कडेवर १३४० खोडण्याआधी कारागिरांनी मला पेन्सिल दाखवत विचारले, “खोडू का बाजूला लिहू?” बाजूला लिहा म्हटले. आता तिथे तीन हस्ताक्षरे आहेत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मशीन लावले. आधी कर्णा जोडला, मग स्विच, मामांच्या पद्धतीने. व्हॉल्व्ह तांबूस झाले, कर्ण्यात बारीक गुणगुण आली आणि मायक्रोफोनवर “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणण्याचा मान बहिणीने घेतला. मग पुतण्याने गिटार जोडली. खालच्या दोन तारा कर्ण्यातून जवळजवळ आल्याच नाहीत. अशा कर्ण्याला दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसे उतरता येत नाही. वरच्या तारा मात्र कडक, चिरत आल्या. त्याने आवाज वाढवला. तेव्हा शेजारच्या गच्चीवरून आजींनी वाकून विचारले, “बँजो कुणाकडे आलाय रे?”